तिसऱ्या दिवशीच्या शेळ्या

वॉर्डात फरशी पुसणाऱ्या वॉर्डबॉयला सगळे मामा म्हणायचे. नाव मी कधी विचारलं नाही. पाय मोडलेल्या काकांना लासूर स्टेशनहून दवाखान्यात आणलं, तेव्हा आम्ही डॉक्टरांना ठासून सांगितलं होतं, की यांना सुपारीचंही व्यसन नाही. काकांच्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि होणारे व्याही खाटेशीच बसले होते.

तिसऱ्या दिवशी काकांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि पडल्यापडल्या ते वॉर्डातल्या शेळ्या हाकू लागले. मामांनी बादली खाली ठेवली, काकांचे हात पुढं करायला लावून बोटं पाहिली आणि व्याह्यांना चहा आणायला पिटाळलं.

"काकू, आता सांगा, रोज किती घेत व्हते? चढलेली घरच्यांना दिसती, उतरलेली आमाला. लपवलं तर जीव जाईल."

काकू पुटपुटल्या, "रोज एक बाटली."

मामांनी डॉक्टरांना बोलावून आणलं. इंजेक्शन दिल्यावर काका शांत झोपले.

चहा मात्र आला नाही, म्हणून मी बाहेर गेलो. जिन्यात व्याही मामांपुढं दोन्ही हात पुढं करून, बोटं ताणून उभे होते.

"पुढच्या आठवड्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन हाय," ते हळूच सांगत होते, "अन् आमच्या घरच्यांनी बी डॉक्टरला सुपारीचंच सांगितलंय."