कमल सिस्टरची चाळीस वचनं

देवासला टेकरीच्या मागल्या अंगाला एक गल्ली आहे. तिथं सकाळचे सहा वाजले हे समजायला कुणाला घड्याळ बघावं लागत नसे. कमल सिस्टर मोबाईल तोंडासमोर धरून बोलायला लागल्या की सहा वाजले. मोबाईलवर हळू बोललं तरी चालतं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. ऐकणारा अंकित टोंकखुर्दला, नीतू सतवासला, पार्वतीमावशी पार निसरपूरच्या वसाहतीत. एवढ्या लांब ऐकू जायचं तर जोर लावायलाच हवा! परिणामी बायबलातलं रोजचं वचन टोंकखुर्दला पोचायच्या आधी भिंतीपलीकडच्या अल्पनाकाकूंच्या चहाच्या पातेल्यापर्यंत पोचलेलं असे.

सिस्टर म्हणजे नर्स. धारच्या एका मिशनच्या इस्पितळात चौतीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या, तरी नावापुढचं ‘सिस्टर’ काही निवृत्त झालं नाही. त्यांचे आजोबा नगरकडून कंपाउंडर म्हणून माळव्यात आलेले. घरात तेव्हाचीच मराठी राहिली. प्रार्थनेत सिस्टर ‘हे दयाघना’ म्हणून सुरुवात करत आणि आमेन झालं की घोसाळी चाचपत दारावरच्या भाजीवाल्याला म्हणत, “भिया, गिलकी के सही भाव लगाओ, कल भी कड़वी निकली थी.” देव आणि भाजीवाला, दोघांशी त्यांचं सारखंच रोखठोक.

वचन काढायची त्यांची एक रीत होती. सासऱ्यांनी स्वतःच्या अक्षरात शास्त्रातली तीनशेवर वचनं कागदाच्या पट्ट्यांवर उतरवून, सुरळ्या करून एका पत्र्याच्या डब्यात भरून ठेवली होती. ही वचनपेटी. ख्रिस्ती घरांत अशी पेटी असते, पण ती हातानं उघडतात. सिस्टर इस्पितळातल्या चिमट्यानं सुरळी उचलत. हातानं चाचपलं की माणूस सोयीचं वचन निवडतो, चिमट्याला निवड कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. सुरळी निघाली की ती वाचायची, दोन वाक्यांत आपल्या भाषेत समजावायची आणि शेवटी रोजचं पालुपद: “प्रभूला बैठकीत बसवू नका, पाहुणा होईल तो. माजघरात घ्या.” मधल्या खोलीत, जिथून पाण्याला जाताना, झोपायला जाताना, भांडताना, रडताना त्याच्यासमोरूनच जावं लागेल. मोबाईलच्या ग्रुपवरची बासष्ट माणसं रोज हे ऐकत. त्यातल्या निम्म्यांना मराठी वाचता येत नव्हती, शाळा हिंदी झालेली. पण कानाला समजत होती, आणि अंकित तर सांगायचा, “सिस्टर, तुमचा आवाज नाही आला तो दिन ही नहीं उगता.”

या सगळ्यात एकच विघ्न होतं, आणि ते घरातच खुर्चीवर बसलेलं असे. सिस्टरांचे यजमान. त्यांना सगळा गाव भाऊ म्हणे. कारखान्यात चाळीस वर्षं खरादावर, म्हणजे लेथवर, लोखंड कापलेला माणूस. निवृत्त झाल्यावर काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. तेव्हापासून रेडिओ हाच त्यांचा सोबती. सकाळचा शेतीचा कार्यक्रम ते कधी चुकवत नसत. सात पिढ्यांत एक बिघा जमीन नाही, आणि सोयाबीनचे भाव असे ऐकत जसे काही चार ट्रॉल्या मंडईत उभ्या आहेत! मग सहाला पाच कमी असताना रोज एक झटापट व्हायची. सिस्टर म्हणायच्या, “अहो, बंद करा नं तो.” भाऊ म्हणायचे, “एवढा पिवळ्या सोयाबीनचा भाव होऊ दे.” रेडिओ बंद होई आणि मगच वचन सुरू होई. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, त्यात नवऱ्याचं नाव सिस्टरांनी कधी घेतलं नाही. ‘अहो’ एवढंच. भाऊ मात्र त्यांना गावासारखंच ‘सिस्टर’ म्हणत, आणि प्रेमात असले की ‘गं’ लावत.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता सिस्टरांचा आवाज बसला तो उठेना. इंदूरला दाखवलं. घशातल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि कागद आला तेव्हा तो वाचायला त्यांना डॉक्टर लागला नाही. स्वरयंत्र काढावं लागणार. मग गळ्याला पुढून भोक, श्वास तिथून, आणि बोलणं बंद. अशा रोग्यांची ड्रेसिंगं त्यांनी स्वतः केली होती. प्रत्येकाला त्या सांगत, “घाबरायचं नाही, देव मनातलं ऐकतो, त्याला आवाज लागत नाही.” आता ते वाक्य त्यांच्याच अंगावर आलं, आणि त्यांना वाटलं, सांगायला किती सोपं होतं हे!

ऑपरेशनला नऊ दिवस होते. सिस्टरांनी ठरवलं, आवाज असेतो वचनं बोलून ठेवायची. घरी परतल्यावर रोज सकाळी एक पाठवायची, अशी चाळीस. त्यासाठी चाळीस सुरळ्या आधीच काढाव्या लागल्या, आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं. न आलेल्या दिवसांची वचनं आजच उचलायची म्हणजे देवाच्या खिशात हात घालण्यासारखंच. प्रत्येक सुरळीला त्यांनी माफी मागितली. घोगऱ्या आवाजात, मध्ये गरम पाणी पीत, त्या बोलत राहिल्या. मुलगी वल्लरी रोज संध्याकाळी शाळेतून येऊन ते सगळं मोबाईलमध्ये नंबर घालून ठेवी. वल्लरी हिंदी शाळेत मास्तरीण. आजोबांच्या, म्हणजे सिस्टरांच्या सासऱ्यांच्या, सुरळ्या तिला अक्षर लावत लावत वाचाव्या लागत, म्हणून तिनं वाचून दाखवायचा प्रश्नच नव्हता.

सातव्या की आठव्या दिवशी वल्लरी म्हणाली, “आई, बाबांसाठी पण कुछ तो बोलून ठेव ना.”

“त्यांच्याशी काय बोलायचं?” सिस्टर म्हणाल्या. “ते तर घरातच आहेत.”

चूक झाली ती इथं. दुष्टपणानं केलेली नाही, घाईनंही नाही. बासष्ट माणसांना उद्या काय द्यायचं या काळजीत बुडालेल्या बाईला घरातला माणूस हा उद्याचा प्रश्न वाटलाच नाही. आणि भाऊंनीही काही मागितलं नाही. ते त्या नऊ दिवसांत रेडिओ न कुरकुरता बंद करत होते, एवढंच.

ऑपरेशन चांगलं झालं. इंदूरहून पंधरा दिवसांनी सिस्टर घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी वल्लरी सात वाजता शाळेला गेली. घरात उरले दोघं. एकाला दिसत नाही, एकीला बोलता येत नाही. कुणी ठरवून जोडी लावली असती तरी इतकी वाईट लागली नसती.

पाटीवर लिहिलं तर भाऊंना दिसणार नाही. खुणा केल्या तर दिसणार नाहीत. पहिल्याच सकाळी सिस्टर चहा घेऊन गेल्या आणि नेहमीच्या सवयीनं त्यांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. पंखा फिरत होता, पावलं ऐकू आली नाहीत. भाऊ दचकून उठले आणि म्हणाले, “कोण?”

चव्वेचाळीस वर्षांनी ‘कोण?’ सिस्टरांना रडू आलं, आणि त्या रडण्यालाही आवाज नव्हता. गळ्याच्या भोकातून नुसती हवा सूं सूं करत राहिली. भाऊंनी तो आवाज ऐकला, मग हात वर करून त्यांचा हात चाचपला, बांगडी ओळखली. “तू होय,” ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी रेडिओ लावला नाही. घरात ती कुठं आहे हे कानाला कळलं पाहिजे ना.

मग वल्लरीनं एक युक्ती काढली. चमचा एकदा वाजवला तर हो, दोनदा तर नाही. हो-नाहीवर चहा होतो, अंघोळ होते, औषध होतं. पण भाऊ विचारत, “दुखतंय का गं?” एक टक. “फार?” दोनदा टक, आणि ते खोटं असे. चमच्यानं खोटं बोलायला सिस्टर आठवड्यात शिकल्या. भाऊ विचारत, “माझ्यावर रागावलीस का?” दोन टक. “मग काय विचार करतेस?” याला चमच्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी तळहातावर अक्षरं काढून पाहिली. भाऊंचं शिक्षण जुन्या मराठी शाळेतलं, अक्षर त्यांना पक्कं ठाऊक. पण चाळीस वर्षं खरादावर राबलेला तो हात, तळव्याला घट्टे पडून त्याची चामडी वहाणेसारखी झालेली. “मी” लिहिलं की ते म्हणत, “भ?” दुसरं अक्षर होईतो पहिलं हरवायचं. तिसऱ्या दिवशी भाऊच म्हणाले, “राहू दे गं. या हाताला काही कळत नाही.” असं म्हणून त्यांनी तो हात दुसऱ्या हाताखाली लपवला.

आणि इकडे सिस्टर घरी आल्यापासून रोज सहा वाजता वल्लरीच्या मोबाईलवरून सिस्टरांचा आवाज बासष्ट घरांत जात होता. भिऊ नका, धीर धरा, माजघरात घ्या. लोक लिहायचे, सिस्टर, आज फार बळ आलं. पार्वतीमावशींनी नातवाकडून निरोप धाडला की जुनं घर धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हासुद्धा आपण तुमच्या वचनावर तगलो. सिस्टर ते वाचत आणि मोबाईल उलटा ठेवत. त्यांना प्रार्थना जमत नव्हती. डोळे मिटले की मनात एकच येई, मी बासष्ट जणांना बोलून ठेवलं आणि या एकाला एक शब्द ठेवला नाही. कधी त्यांना शंका येई, माजघरात आपण खरंच प्रभूला बसवलं होतं, की आपल्याच आवाजाला? मग त्या देवावर चिडत. ज्याची वचनं पोचवता पोचवता आवाज गेला त्यानं निदान ‘अहो’ एवढं तरी ठेवायचं होतं. तेवढ्यानं त्याचं काय अडलं असतं?

तेविसाव्या दिवशी रविवार होता, वल्लरी घरी होती. सहा वाजता तिनं नेहमीप्रमाणे वचन ग्रुपवर टाकलं आणि भाऊंना ऐकवायला खुर्चीजवळच्या स्टुलावर मोबाईल ठेवला. सिस्टर ओट्याशी दूध तापवत होत्या. स्वतःचा आवाज ऐकणं त्यांना नको वाटे, म्हणून त्या मुद्दाम भांडं वाजवत.

“सलाम, प्रियजनहो,” मोबाईल म्हणाला. “आजचं वचन...” आणि मग एकदम, मोबाईलपासून तोंड वळवून, चांगलंच चिडून: “अहो! बंद करा नं तो रेडिओ! सोयाबीन ऐकवू का लोकांना? दिमाग नका खाऊ माझा!”

हे वचन बोलून ठेवलं त्या दिवशी रेडिओ बंद होण्याआधीच सिस्टरांनी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं होतं. नंतर पुसायचं राहून गेलं. वल्लरीनंही नंबर घालताना पूर्ण ऐकलं नव्हतं.

भाऊंचा हात उठला. तो सरळ रेडिओकडे गेला, खुंटी सापडली, आणि थांबला. तीन आठवडे त्या रेडिओला कुणी हात लावला नव्हता.

“बंदच आहे गं,” भाऊ म्हणाले. “बोल.”

मोबाईलमध्ये क्षणभर शांतता होती. त्या दिवशी सिस्टर रेडिओ बंद व्हायची वाट पाहत होत्या तेवढी. मग आवाज आला, “हां. तर आजचं वचन.” हाकेला ओ देणाऱ्या देवाविषयीचं वचन होतं. भाऊंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते पुढं झुकून बसले होते आणि त्यांच्या ओठांवर हसू होतं, बायकोनं नुकतंच झापलेल्या नवऱ्याचं. वचन संपलं. मोबाईल गप्प झाला.

“अजून बोल की,” भाऊ म्हणाले. “लोकांचं झालं. आता माझ्याशी बोल.”

सिस्टर ओट्यापाशी उभ्या होत्या, पाच पावलांवर. दूध उतू गेलं. त्यांनी तोंड उघडलं, जीभ हलली, ओठ हलले, ‘अहो’चा आकारसुद्धा झाला. गळ्यातून हवा गेली. हातात चमचा होता. तो वाजवावा तर एकदा की दोनदा, हे त्यांना कळेना.

चाळीस दिवस संपले. लोकांनी हट्ट धरला म्हणून वल्लरी पुन्हा पहिल्यापासून पाठवते. वचनपेटी फळीवर आहे, चिमटा आत. सिस्टर अधूनमधून एक सुरळी काढतात, वाचतात आणि परत गुंडाळून ठेवतात. विश्वास गेला का, असं अल्पनाकाकूंनी एकदा भीत भीत विचारलं. सिस्टरांनी पाटीवर लिहिलं, “नाही. पण माझ्याकडे आता कुणाला द्यायला काही नाही.” मग खाली लिहिलं, “त्याच्यासमोर नुसती बसते.”

घरात मात्र ग्रुपवर कुठलंही वचन जावो, भाऊंना तेविसावंच लागतं. आणि सहाला पाच कमी असताना ते उठतात, भिंत धरत धरत रेडिओपाशी जातात, तो मोठ्यानं लावतात आणि खुर्चीत येऊन बसतात. सोयाबीनचे भाव सांगणारा माणूस ओरडत असतो. भाऊ त्याच्याकडे अजिबात लक्ष देत नाहीत. बायको कधी रागावते, याची वाट बघत असतात.