परीक्षा काशीदादाची, उत्तरं माझी

फोन आला तेव्हा मी गेटवर एका ट्रेलरवाल्याशी हुज्जत घालत होतो. त्याच्या कंटेनरचा सील नंबर कागदाशी जुळत नव्हता आणि वर तोच मला अक्कल शिकवत होता. "थांब रे बाबा जरा," म्हणून फोन कानाला लावला, तर पलीकडे काशीदादाचा थोरला भाऊ. "सुधाकर, आपला काशी वारला. सकाळी आंघोळीला बसला तो उठलाच न्हाय." मी "बरं" म्हणालो. खरंच सांगतो, "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि त्या ट्रेलरवाल्याला तसाच आत सोडून दिला. सील जुळलं का नाही ते मला आजही माहीत नाही.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. काशीनाथदादा न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात रीच स्टॅकर चालवायचा. रीच स्टॅकर म्हणजे भरलेले कंटेनर पुढे लांबवलेल्या हाताने उचलून एकावर एक रचणारं अवाढव्य मशीन. त्याचं चाकच माझ्या डोक्यापर्यंत येणारं. मी त्याच यार्डात कारकून. आत आलेल्या-बाहेर गेलेल्या गाड्यांच्या नोंदी हे माझं काम. दादा उरणकडचा, बापजाद्यांचं मिठागर होतं. मी माणगावचा, भातशेतीवाल्यांच्या घरातला. पहिल्याच दिवशी माझा डबा उघडून बघत म्हणाला होता, "आरं, नुसता भात? मासली कुठं हाय? आजारी हायेस काय?" आणि आपल्या डब्यातला अर्धा जवळा माझ्या भातावर ओतला. तेव्हापासून एकोणीस वर्षं आम्ही एकत्र जेवलो.

त्याला घाई म्हणून कशी ती नव्हती. कंटेनर उचलला की जमिनीपासून चार बोटं वर क्षणभर तसाच धरून ठेवायचा. आतला माल कुठे सरकलाय, कुठली बाजू जड आहे, हे त्याला बसल्या जागी कळायचं. मग पुढे. नवीन ऑपरेटर आले की साहेब त्यांना दादाच्या केबिनमध्ये बसवायचे. प्रत्येकाला शिकवायची त्याची तऱ्हा वेगळी. घाबरणारा असेल तर त्याच्या हातात आधी भरलेला कंटेनर द्यायचा. आम्ही म्हणायचो, दादा, हे उलटं नाही का? तर म्हणायचा, "रिकामा वाऱ्यानं हलतो, त्याला बघून हा जास्ती घाबरंल. भरलेला गप बसतो." आणि शहाणपणा मिरवणाऱ्याला आठवडाभर मशीनवर चढूच द्यायचा नाही, उन्हात यार्डभर फिरवून खड्डे दाखवायचा. एक तर रडकुंडीला येऊन माझ्याकडे राजीनाम्याचा अर्ज लिहायला आला होता. आज तो दुबईला क्रेन चालवतो.

आता माझ्या कर्माकडे येतो. आमच्या यार्डात एक जुनी रीत होती. रजेचे अर्ज, पीएफचे फॉर्म, वर्षाची सुरक्षा परीक्षा, सगळं सगळ्यांच्या वतीने मीच भरायचो. माणसं मशीनवर, लेखणी माझ्याकडे. परीक्षेचा कागद सगळ्यांना एकच. एकाचा नीट सोडवला की बाकीच्यांवर उतरवायचा, खाली सह्या घ्यायच्या. साहेबांनाही ठाऊक होतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग गेल्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, कंपनीने मोबाइलवरचं प्रशिक्षण आणलं. सभा झाली, समोसे झाले. ट्रेनिंगच्या मॅडम म्हणाल्या, ही कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, ती प्रत्येक माणसाला ओळखून त्याच्या गरजेप्रमाणे वेगळं शिकवेल. तुम्ही उत्तर द्याल त्यावरून पुढचा प्रश्न ठरेल, तुमचं कच्चं काय, पक्कं काय, ते तिला कळत जाईल. दादा माझ्या कानाशी पुटपुटला, "म्हंजे माझंच काम करनार हाय की ती!" आम्ही दोघं हसलो. सभा संपल्यावर त्याने आपला फोन माझ्या टेबलावर ठेवला. "तू बघ बाबा ह्याचं. मना त्या बारक्या अक्षरांनी डोकं दुखतं." तरुण ऑपरेटर आपापलं करत होते. राहिला एकटा दादा. मी म्हटलं, त्यात काय एवढं!

काय एवढं... आता उतरवायला दुसऱ्याचा कागदच नव्हता, कारण प्रत्येकाचे प्रश्न वेगळे. दादा तिकडे मशीनवर, मी इकडे गेटच्या खिडकीत, दोन गाड्यांच्या मध्ये वेळ मिळेल तसं त्याच्या फोनवर बोट टेकवत होतो. प्रश्न असायचा : भार एका बाजूला झुकतोय आणि मागे तीन गाड्या थांबल्यात, तुम्ही आधी काय कराल? मी दिवसभर काय बघतो? गाडी आत किती वाजता आली, बाहेर किती वाजता गेली. रांग वाढली की शिव्या मला. माझं बोट आपोआप रांग हलवणाऱ्या उत्तरावर पडायचं. एकदाही मला वाटलं नाही की उठावं, चार पावलं चालावं आणि दादाला विचारावं. एवढा कसला मी शहाणा लागून गेलो होतो!

त्या बुद्धिमत्तेने माणूस ओळखला, पण मला. तिने दादाच्या नावापुढे लिहिलं की हा ऑपरेटर वेगाला सुरक्षिततेपेक्षा जास्त महत्त्व देतो, भाराच्या तोलाची समज अपुरी आहे. आणि त्याच्या गरजेप्रमाणे धडे पाठवायला सुरुवात केली : कंटेनरला कोपरे किती असतात, उचलण्यापूर्वी थांबावं का. मी ते धडेही पटापट पुढे ढकलले. त्याची आणखी एक नोंद झाली : शिकण्याची इच्छा नाही. महिन्याभराने यादीत त्याचं नाव लाल झालं आणि दादाला मशीनवरून उतरवलं. तात्पुरतं, म्हणाले. सरावाच्या खोलीत पडद्यासमोर पास व्हा, परत चढा.

सरावाची खोली म्हणजे वातानुकूलित हॉल, एक खुर्ची, दोन दांडे, समोर पडद्यावर चित्रातलं यार्ड. दादा पहिल्याच फेरीत अडकला. बाहेर येऊन म्हणाला, "सुध्या, हिच्यात वजनच न्हाय रं. खुर्ची कायच बोलत न्हाय. मना कसं कळनार?" मी मान खाली घातली. त्याला वाटलं, मला त्याचं वाईट वाटतंय.

पुढच्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो आणि सगळं ओकलो. प्रश्न काय होते, मी काय टेकवलं, सगळं. वहिनी चहा ठेवून आत गेल्या होत्या. दादाने चहाचा कप बाजूला सरकवला. मग एकेक प्रश्न मला परत विचारायला लावला आणि बरोबर उत्तर सांगत गेला... एकही चुकला नाही. शेवटी हसून म्हणाला, "गाढवा, यवढं तरी मना इचारायचं!" मी म्हटलं, "उद्या सोमवार. मी मॅडमकडे जातो, सांगतो परीक्षा मी दिली, दादाने नाही." दुसऱ्याच्या नावाने उत्तरं देणाऱ्याला कामावरून काढणार, ही नोटीस माझ्याच हाताने मी फळ्यावर लावली होती. माझी नोकरी कंत्राटी. दादा म्हणाला, "तुझी पोरगी शिकतीय. जाऊ नको." मी म्हटलं, "जाणार म्हणजे जाणार." त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ट्रेनिंगचं ऑफिस यार्डापासून दोन किलोमीटरवर, वेगळ्या इमारतीत. तिथल्या नाक्यावरच्या टपरीपर्यंत गेलो. एक चहा घेतला. दुसरा घेतला. मुलीच्या कॉलेजची आठवण काढली, बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. भित्र्याला कारणं काय, ढिगाने मिळतात. आणि रिक्षा पकडून माघारी आलो. संध्याकाळी सहाला यार्डाच्या बसथांब्यावर दादा भेटला. त्याने विचारलंही नव्हतं. मीच म्हणालो, "जाऊन आलो, दादा. ऐकत नाहीत त्या. म्हणतात, रेकॉर्ड बदलता येत नाही." तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. गेलास ना, बस झालं. आता इसर." आणि खिशातून शेंगदाण्याची पुडी काढून माझ्यापुढे धरली. मी खाल्ले. लाज नावाची चीजच नव्हती मला.

त्याच आठवड्यात हुकूम आला : काशीनाथला मशीन कायमचं बंद. सरावाची दुसरी संधीही नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. मी समजलो, तो पडद्यासमोर नापास झाला म्हणून. त्याला गेटवर सील तपासायला लावलं, नेमकं माझ्या खिडकीसमोर. आठ महिने तो तिथे उन्हात उभा होता. आत कुणी कंटेनर खाडकन आदळला की त्याची मान वळायची आणि मग तो पुन्हा सीलकडे बघायचा. जेवण कमी झालं. डबा माझ्याकडे सरकवायचा, "तू खा." डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, वय होतंच. असेलही. मी डॉक्टर नाही. पण त्या आठ महिन्यांत दर दिवशी मी खिडकी उघडून एक वाक्य बोलू शकलो असतो, आणि बोललो नाही.

तेरावं झाल्यावर मी मॅडमकडे गेलो. आता कुणाला वाचवायचं होतं? निदान त्याच्या नावापुढचं ते "तोलाची समज अपुरी" तरी पुसलं जावं, त्याच्या मुलांनी कधी तो कागद बघितला तर... मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. कपाटातून फाइल काढली.

"आम्हाला शंका आली होती," त्या म्हणाल्या. "उत्तरं ज्या वेळेला दिली गेली, त्या वेळेला त्यांचं मशीन यार्डात चालू होतं. मी विचारायला बोलावणारच होते, तर एका सोमवारी सकाळी काका स्वतःच आले." त्यांनी कागद माझ्यापुढे केला. सुट्या, गोल अक्षरांत लिहिलं होतं : सर्व उत्तरे मी स्वतः दिली. मशीन चालवताना मोबाइल माझ्याच हातात होता. दुसऱ्या कोणाचा संबंध नाही. खाली सही आणि माझ्या रजेच्या त्या सोमवारची तारीख. चालत्या मशीनवर मोबाइल म्हणजे मशीन कायमचं बंद, याला कंपनीत माफी नाही. मॅडम म्हणाल्या, "मी त्यांना दोनदा समजावलं. ऐकेनात."

मला पाणी दिलं त्यांनी. मी विचारलं, आता हे बदलता येईल का? त्यांनी मान हलवली. माणूस गेला की खातं बंद होतं, नोंदी तशाच राहतात.

"सही करूनही ते गेले नाहीत," मॅडम फाइल मिटताना म्हणाल्या. "बाहेर त्या बाकावर बसून राहिले. जेवायलासुद्धा उठले नाहीत. मी म्हटलं, काका, घरी जा. तर म्हणाले, माझा धाकटा भाऊ येनार हाय, येडा हाय, काय पन बोलून बसंल, त्याला दारातूनच माघारी न्यायचाय. साडेपाचला ऑफिस बंद केलं तेव्हा उठले. तो भाऊ आला होता का हो नंतर?"

बाहेर आलो. भिंतीलगत तो बाक होता, साधा, लोखंडी. तिथून समोर नाका दिसतो आणि नाक्यावरची चहाची टपरी दिसते, तिथल्या बाकड्यावर बसलेल्या माणसाच्या हातातल्या ग्लासासकट.