होळीला दुकान उघडेल

त्या दिवशी शिट्टी आली नाही. सकाळचा चहा उकळून उकळून काळा झाला. मी दोनदा गॅस बंद केला, दोनदा लावला आणि मनातल्या मनात मधूला शिव्या घातल्या. बसला असेल दुकानात कुणाला तरी गोष्टी सांगत! मग फोन वाजला. त्याच्या दुकानाशेजारच्या शिंप्याचा, गजाननचा. "बाई, तुमी लवकर या," एवढंच तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरूनच मला कळलं की आता लवकर जाऊन काही होणार नाही... मोहाडीच्या बाजारातल्या त्या दुकानात माझा धाकटा भाऊ मधुकर मांडीवर फाटकं जाळं घेऊन भिंतीला टेकून बसला होता. जाळं विणायची लाकडी सुई अजून हातातच होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. माघ महिना होता. माघात माझा भाऊ मोहाडीत असण्याचं खरं तर काही कारण नव्हतं. तो होता, कारण मी त्याला जाऊ दिलं नव्हतं.

आमचं घर मासेमारीचं. बाबा तलावात जाळं टाकत, आई बाजारात बसे. मी शिकून शिक्षिका झाले, मधू नागपूरला एका कंपनीत लागला. सगळ्यांना वाटलं, सुटली पोरं. काही वर्षांतच हा पठ्ठ्या नोकरी सोडून परत आला आणि मोहाडीत जाळ्यांचं दुकान टाकून बसला. मी कपाळाला हात लावला. "नोकरी काहून सोडली रे?" तर म्हणतो कसा, "साहेब सुटी देते बाई, पण साठ वर्षं झाल्यावर देते. मले आत्ता पाहिजे." त्याचं गणित सरळ होतं. पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळाभर जाळी खपतात, दिवाळीनंतर गिऱ्हाईक तुरळक. मग रिकाम्या दुकानात माशा मारत बसायचं कशाला? भाऊबीज माझ्याकडे व्हायची, गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, व्हायच्या, रात्रभर नाटकं बघून डोळे लाल करून तो घरी यायचा आणि दोन दिवसांत दुकानाला कुलूप लावून चालता व्हायचा. तो होळीला परत. हिंडायला म्हणून तो कधी गेला नाही. दर साली कुणाच्या तरी हाताखाली बसून एक काम शिकून यायचा. येताना बहिणीला साडी नाही, भाचीला खेळणं नाही. विचारलं तर दोन्ही पंजे पुढे करायचा. "हे आणले ना."

पहिल्या साली तो फार लांब गेलाच नाही. बपेऱ्यावरून पलीकडे मध्यप्रदेशात उतरला आणि ट्रकवर अक्षरं रंगवणाऱ्या एका पेंटरकडे राहिला. परत आल्यावर पत्र्याची एक पाटी रंगवली. दोन बाजूंना पोपट, खाली कमळ आणि मधे ठसठशीत अक्षरं: 'मालक शिकायला गेला आहे. होळीला दुकान उघडेल.' पुढे दर साली कुलूप लागलं की वर ही पाटी चढायची. बाजार हसायचा. मीही हसायचे, पण लोकांसमोर नाही; लोकांसमोर मी नाक मुरडायचे. माझ्या सासरचे विचारायचे, भाऊ काय करतो? मी म्हणायचे, जाळ्यांचा व्यापारी आहे. पुढचं गिळून टाकायचे.

आसामातून तो मासे धरायचे बांबूचे सापळे विणायला शिकून आला आणि त्याच पावसाळ्यात ते त्याच्या दुकानात विकायला टांगले गेले. पार अड्याळहून लोक येऊन घेऊन गेले. एका साली धुरावर मासे वाळवायचं शिकून आला. ते मात्र अख्ख्या मोहाडीनं थुंकून टाकले आणि तो स्वतः पोट धरून हसला. मेघालयात एका गावात आई प्रत्येक लेकराला नावासोबत एक धून देते म्हणे, आणि रानात हाक मारायची ती त्या धुनेनं. हा तिथं दोन महिने राहून शिट्टी वाजवायला शिकला आणि आल्या आल्या त्यानं मला एक धून देऊन टाकली. दोन चढते सूर, एक लांब उतरता. भरबाजारात मागून ती शिट्टी ऐकली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लाज नाही वाटत? या वयात कोणी शिट्टी मारते काय बाईमाणसाले?"

"आई असती त तिनं देली असती. ती नाही, म्हून मी देली. तू कायले चिडून राहिली?"

मी चालू लागले, आणि वळणापर्यंत ती धून माझ्या मागे येत राहिली.

दर साली परतल्यावर तो ते शिकलेलं काम आधी मला शिकवायला बसायचा. माझ्या ओट्यावर बांबूच्या कामट्या पसरायचा. "धर, हे टोक धर." मी म्हणायचे, मधू, मला पेपर तपासायचेत, मधू, भाजी करपते, मधू, पुढच्या रविवारी. त्यानं कधी राग धरला नाही. पण माझ्या हातात त्याचं काही उतरलं नाही, हे आता रोज जाणवतं.

गेल्या दिवाळीआधी माझ्या आशूचं लग्न ठरलं. मुलगा फौजेत, मुहूर्त माघातला. माझे मालक जाऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा घरात पुरुष माणूस म्हणजे मधूच. आणि नेमकं त्याच साली त्याला केरळात जायचं होतं. तिथे एक म्हातारा कारागीर लाकडाला एकही खिळा न ठोकता, काथ्याच्या दोरीनं शिवून नाव बांधतो. मधूनं त्याला दोन वर्षं गळ घातली होती आणि तेव्हा कुठे म्हाताऱ्यानं हो म्हटलं होतं. भाऊबीजेला ओवाळतानाच आमचं जुंपलं.

"मी येतो ना लग्नाले. दोन दिवस आधी येतो, मामा म्हून उभा राहतो अन् मंग परत जातो."

"अन् मांडव, पाहुणे, बस्ता? लोकांले काय सांगू? मामा दोऱ्या वळाले गेला?"

"म्हातारा ऐंशीच्या पुढचा आहे बाई. पुढच्या साली हात चालतीन का त्याचे, कोणाले माहीत."

"अन् माझी पोर रोज रोज लग्न करते काय?"

ओवाळणीचं तबक तसंच माझ्या हातात होतं. मग तो म्हणाला, "बरं. नाही जात." त्या साली पाटी चढली नाही.

इथवरचं मी स्वतःला माफ करू शकले असते. पोरीच्या लग्नाला मामा हवा, यात कुणाचंच दुमत नसतं. पण महिनाभरात नवरदेवाची रजा रद्द झाली आणि लग्न वैशाखावर गेलं. मधू चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "मंग आता जाऊन येऊ का? होळीपर्यंत वेळ आहे." त्याच्या डोळ्यांत लहानपणी जत्रेला निघताना यायची ती चमक आली होती. मी ती पाहिली. नीट पाहिली. आणि म्हटलं, "आता राहिलाच आहे, त राह ना."

काही काम उरलं नव्हतं. मांडव लांब होता, पाहुणे लांब होते. मला तो फक्त हवा होता. त्या हिवाळ्यात तो रोज सकाळी चहाला यायचा. कोपऱ्यावरून माझी धून वाजायची, मी आधण ठेवायचे. तो ओट्यावर उन्हात बसायचा, मी निवडण घेऊन बसायचे, आणि आम्ही आईबाबांच्या, तलावाच्या, कुणाकुणाच्या गोष्टी करायचो. आयुष्यात पहिल्यांदा माझा भाऊ मला अख्खा हिवाळा मिळाला होता. खरं सांगते, इतकं सुख मला मालक गेल्यापासून लाभलं नव्हतं. तो मधेच बोलता बोलता थांबायचा, बोटांनी हवेत दोरी ओवल्यासारखं काहीतरी करायचा... मी विचारायचे, काय रे? तो म्हणायचा, काही नाही. मला कळत होतं. मी विषय बदलायचे.

तेराव्याला आलेल्या बाया माझा हात धरून म्हणाल्या, "बरं झालं बाई, आपल्या माणसात गेला. परमुलखात गेला असता त तोंडही दिसलं नसतं." मी मान डोलावली. डॉक्टरही म्हणाले, व्हायचं ते कुठंही झालं असतं. असेल. पण तिथं झालं असतं तर त्याच्या हातात काथ्या असता, समोर अर्धी शिवलेली नाव असती. केरळातून फोन आला तो म्हाताऱ्याच्या नातीचा. हिंदीत विचारत होती, दादाजी पूछ रहे हैं, मधुकरजी कब आएँगे? तिला सांगताना माझं हिंदी संपलं आणि मी मराठीत रडले.

वैशाखात आशूचं लग्न लागलं. भटजींनी सवयीनं पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. एक लांबचा चुलतभाऊ पुढे झाला. आशूनं एकदाच मागे वळून पाहिलं, माझ्याकडे नाही, मांडवाच्या दाराकडे. ज्या दिवसासाठी मी त्याला बांधून ठेवलं, त्या दिवशी तो नव्हता.

लग्नाची गडबड ओसरल्यावर दुकानाची आवराआवर करायला गेले. पाटी शटरच्या आतल्या बाजूला भिंतीला टेकून उभी होती, पोपटांवर धूळ बसलेली. ती पुसली. घरी न्यावी म्हणून बाहेर आणली आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, कुलूप लावून वरच्या खिळ्याला अडकवली. गजानन मशीन थांबवून बघत राहिला.

तेव्हापासून मी बाजाराच्या दिवशी तिथं जाते, उगीच पायरी झाडते. परवा बपेऱ्याकडचा एक मासे धरणारा आला, नवीन जाळं घ्यायला. त्याला बातमी पोचली नव्हती. पाटी वाचून हसला.

"होळी त कवाची झाली बाई, अन् औंदा भाऊ अजून आले नाहीत? काय शिकाले गेले?"

मी सांगितलं. तो पायरीवर बसला. डोक्याचा शेला काढून हातात घेतला. मग पाटीकडे बघत, अगदी हळू, त्यानं विचारलं, "मंग हे पाटी काहून लावली बाई?"

कुणी मला हे विचारलं नव्हतं. घरच्यांना वाटत होतं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, आणि ते जपून गप्प होते.

"त्याले जायचं होतं," मी म्हटलं. "मी जाऊ देलं नाही. म्हून लावली."

तो उठला. मी पाटी उतरवली, शटर उघडून त्याला जाळी दाखवली. त्यानं एक निवडलं, ते मधूनंच विणलेलं होतं. तो गेल्यावर मी शटर खाली ओढलं आणि पाटी परत खिळ्याला अडकवली.