अंतोनचं बाळ

संतांची चरित्रं वाचायला आम्ही सातपूरच्या पाच-सहा बायका दर बुधवारी कुणाच्या तरी घरी जमतो. संतांच्या गोष्टी घरी पोचेपर्यंत विसरतो, पण आमच्याच गोष्टी इतक्या साठल्यात की काय सांगू! सांगायला लागलं की आधी हसू येतं आणि मग मान खाली जाते.

*

एका बुधवारी वाचायला संत लॉरेन्स होता. त्याला जाळीवर भाजत होते, तर तो म्हणाला, "ही बाजू झाली, आता उलटा!" वाचता वाचता स्टेलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. स्टेलाबाई म्हणजे आमच्या पुढारी, रिटायर्ड हेडमिस्ट्रेस.

तेवढ्यात किचनमधून त्यांचे मिस्टर ओरडले, "उलटले गं! जरा करपलेत कटलेट!"

आम्ही पोट धरधरून हसलो. वर बघतो तर दारात फादर!

*

थंडीतली गोष्ट. संत मार्टिननं भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून दिला, इथवर आलो आणि बेल वाजली. बाहेर एक म्हातारा, अंगात नुसतं बनियन. "ताई, जुनंपानं काही हाय का?"

स्टेलाबाई पुस्तकातून मान वर न काढता म्हणाल्या, "पुढे जा बाबा, प्रार्थना चालू आहे!"

आम्ही सगळ्या शाली पांघरून बसलो होतो. एकीनंही उठू नये?

*

वाचन झालं की प्रत्येकीनं आपली विनंती मांडायची. कुणाला नातवाची ॲडमिशन, कुणाला गुडघे. मार्थाकाकूंची कायम एकच, "माझ्या रॉबिनचा फोन येऊ दे."

रॉबिन त्यांचा एकुलता एक. बापाशी भांडून घरातून गेला तो गेलाच. बाप वारला, ते तरी त्याला कळलंय का कोण जाणे! पण तेच तेच ऐकून आम्हाला कंटाळा आलेला. काकूंचं वाक्य संपायच्या आत आम्ही "आमेन" म्हणून चपला शोधायला लागायचो. शरम वाटते हो.

*

हरवलेलं शोधून देणारा संत म्हणजे अंतोन. त्यानं ऐकलं नाही, तर त्याच्या हातातला बाळ येशू काढून लपवायचा आणि वस्तू सापडली की परत द्यायचा, अशी आमच्यात जुनी रीत. स्टेलाबाईंची स्कूटरची किल्ली हरवली, तेव्हा त्यांनी घरच्या मूर्तीचं बोटभर पितळी बाळ तांदळाच्या डब्यात टाकलं आणि विसरल्या.

रविवारी फादर जेवायला. पुलावात चमच्याला काहीतरी टणकन लागलं. फादरांनी बाळ उचलून पुसलं आणि विचारलं, "मग, किल्ली मिळाली का?"

हा किस्सा रंगला असताना मार्थाकाकूंनी हळूच विचारलं, "माणूस हरवलं तरी चालतं का हो हे?"

स्टेलाबाई म्हणाल्या, "चालतं की! पण एवढ्या मोठ्या माणसाला मूर्तीही मोठी लागेल!"

काय हसलो आम्ही!

*

संत अंतोनच्या सणाची सकाळ. चर्च सजवायला गेलो, तर तिथल्या मोठ्या मूर्तीच्या हातात बाळच नाही!

आदल्या दिवशी आत कोण आलं होतं? मखमलाबादहून फुलं घेऊन येणारी हिराबाई. स्टेलाबाईंनी सगळ्यांदेखत तिची टोपली उपडी करायला लावली. झेंडू फरशीभर झाला. आम्ही नुसत्या बघत उभ्या.

हिराबाई रडायला लागली. "ताई, मलाबी लेकरं हायेत. देवाचं लेकरू मी कशाला चोरू?"

तेव्हा मागच्या बाकावरून मार्थाकाकू उठल्या. झेंडू चुकवत पुढे आल्या. हिराबाईच्या पाठीवर हात ठेवला. मग पिशवीतून लहान मुलाचं एक जुनं टोपडं काढलं. बाळ त्यात गुंडाळलेलं होतं.

स्टुलावर चढून त्यांनी ते मूर्तीच्या हातात नीट बसवलं. टोपडं घडी करून परत पिशवीत ठेवलं आणि म्हणाल्या,

"घे रे बाबा अंतोना. तुझं सापडलं."