जादा पाटा

आमच्या कंपनीत कुणी नवी स्प्रिंग घेऊन आलं, की ती किती टिकेल ते आधी सांगतं. राजनंदिनी सोनटक्के तेवढी, ती कुठे तुटेल ते आधी सांगते. मुलाखतीला आली तेव्हाही तिने हेच केलं. साहेबांनी टेबलावर शोभेला ठेवलेली आमची लाडकी स्प्रिंग तिने उचलली, उलटीपालटी केली आणि एका जागी अंगठा ठेवून म्हणाली, "इथे तुटेल." साहेबांचं तोंड उतरलं. मी मात्र तेव्हाच ठरवलं, की ही पोरगी आपल्याला हवी.

मी परचुरे. टेस्टिंग लॅबचा प्रमुख. राहणार शनिवार पेठ, त्यामुळे स्वभावाबद्दल वेगळं सांगायला नको. माझं काम स्प्रिंगा तोडायचं. मशीनवर चढवायची आणि तुटेपर्यंत दाबत राहायचं. राजनंदिनीचं काम त्याच्या आधीचं. ती कॉम्प्युटरमध्ये स्प्रिंग बनवते, तिथेच तिच्यावर वजन टाकते, खड्डे देते, स्पीडब्रेकर देते, आणि पडद्यावर रंग उमटतात. निळा म्हणजे निवांत, लाल म्हणजे धोका. मग कुठे पोलाद कमी करता येईल, कुठे वाढवावं लागेल, हे ती पुन्हा पुन्हा करून बघते. तिच्या खात्याला मी रंगपंचमी म्हणतो. ती चिडत नाही. "सर, तुमची एक तुटते तोवर माझ्या शंभर तुटून झालेल्या असतात," एवढं म्हणते आणि डबा उघडते.

राहते विश्रांतवाडीला, ऑफिस वारज्याला, म्हणजे पुण्याची दोन टोकं, आणि रोज स्कूटरवर येते. असा माणूस एक तर संत असतो नाहीतर वेडा. ही यातली कोण, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिचे वडील कचरू सोनटक्के टेम्पो चालवतात. टेम्पोला मागे गोल स्प्रिंग नसते, पाटे असतात. पोलादाच्या लांब, वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक ठेवून मध्ये क्लॅम्पने आवळलेल्या. लहानपणी शाळा सुटली की राजनंदिनी वडिलांबरोबर फुलेनगरच्या पाटेवाल्याकडे जाऊन बसायची. तिथे तुटके पाटे भिंतीला टेकवून ठेवलेले असत आणि ही त्यांच्या तुटलेल्या जागा बघत बसे. "बाकीच्या पोरी भातुकली खेळायच्या, आमची भंगार बघायची," हे कचरूभाऊंनीच मला सांगितलं. सांगताना अभिमानाने गडी नुसता फुलला होता.

एका गाडीवाल्या कंपनीच्या नव्या छोट्या टेम्पोसाठी पाटे करायचं काम आमच्याकडे आलं. त्यांना वजन कमी हवं होतं. जुन्या पद्धतीत सहा-सात पाटे एकमेकांना चिकटून बसलेले असतात. राजनंदिनीने दोनच ठेवले. मध्ये जाड, टोकांकडे पातळ होत गेलेले, आणि दोघांमध्ये बोटभर फट. क्लॅम्पची जागा वगळली तर ते फक्त टोकांना एकमेकांना टेकत. कितीतरी आकार तिने करून बघितले आणि मोडीत काढले. शेवटी जो उरला तो मी मशीनवर चढवला, आणि खरं सांगतो, मला तो तोडता आला नाही. ठरलेली मुदत संपली तरी पाटा मजेत. खात्याने पेढे वाटले. मी चिडून दोन खाल्ले.

पुढची पायरी म्हणजे रस्ता. काही टेम्पोवाल्यांना हे पाटे बसवून द्यायचे, त्यांनी रोजच्या धंद्यात वापरायचे आणि मधून मधून लॅबमध्ये आणून दाखवायचे. अट एकच, त्यात काही बदल करायचा नाही. कचरूभाऊंनी हट्टाने स्वतःचं नाव दिलं. माझ्या पोरीचे पाटे पहिल्यांदा माझ्याच गाडीला, म्हणाले. नंतर कितीतरी दिवस ते ओळखीच्या माणसांना रस्त्यात थांबवून गाडीखाली वाकायला लावत होते.

आणि मग एका सकाळी संपत नावाच्या टेम्पोवाल्याचे पाटे तपासणीला आले.

धुऊन टेबलावर ठेवले. राजनंदिनीने टॉर्च घेतला आणि वरच्या पाट्यावरून हळूहळू फिरवत आणला. क्लॅम्पपासून वीतभर अंतरावर तिचा हात थांबला. तिथला रंग उडाला होता आणि नखाएवढी चकचकीत खाच पडली होती. तिच्या चित्रात ती जागा गडद निळी होती. तिथे पाट्याला काही शिवतच नव्हतं. तिथे नुसती फट होती.

"सर, इथे काहीतरी होतं," ती म्हणाली.

संपत दाराशीच उभा होता. मी दरडावून विचारलं, "मध्ये काय घातलं होतंस?"

"जादा पाटा, साहेब. जास्त माल झेपायला." त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "नवी गाडी घेतली की टाकतातच ना! पूजा करायची, लिंबू-मिरची बांधायची, पाटा टाकायचा. इथे यायच्या आधी काढून ठेवला की."

म्हणजे अटही पाळली, असं त्याचं म्हणणं. पुण्यात राहून माझं निम्मं आयुष्य असल्या लोकांशी वाद घालण्यात गेलंय, म्हणून मी तोंड उघडलं. पण राजनंदिनीकडे नजर गेली आणि गप्प बसलो. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

ती पळतच स्वतःच्या टेबलाशी गेली, मागोमाग आम्ही. कॉम्प्युटरमधल्या फटीत तिने एक आखूड पाटा सरकवला, वर टेम्पोवाले भरतात तेवढं वजन टाकलं आणि हिशेब चालू केला. पडद्यावर पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. एका हाताने ती फोन लावत होती.

"कुणाला?" मी विचारलं.

"पप्पांना."

"त्यांनी टाकला असेल असं वाटतं तुला?"

"दोनदा विचारलंय मी. दोन्ही वेळा नाही म्हणाले."

"मग?"

"दोन्ही वेळा माझ्याकडे न बघता म्हणाले."

फोन लागेना. तिने आईला लावला. आईने सांगितलं, फरशांच्या पेट्या भरून खेड शिवापूरला गेलेत, सकाळीच निघाले. म्हणजे कात्रजचा घाट. राजनंदिनीने पुन्हा वडिलांचा नंबर लावला. पुन्हा 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' सांगणारी तीच बाई बोलली.

तेवढ्यात पडद्यावर रंग आले. वरच्या पाट्यावर, क्लॅम्पपासून वीतभर अंतरावर, लालभडक ठिपका. जादा पाट्याचं टोक तिथे छिन्नीसारखं टोचत होतं. आधी खाच, मग चीर, मग एका मोठ्या हिसक्याला तुकडा. आणि वरचा पाटा हा साधा पाटा नव्हे. मागच्या चाकांचा आस त्यानेच जागेवर धरलेला असतो. तो भरल्या गाडीत उतारावर तुटला, तर चाकं तिरकी होतात आणि मग ब्रेकवर कितीही जोर दिला तरी गाडी चालकाची राहत नाही. हे मला जितकं कळत होतं तितकंच तिलाही. मला भीती वाटली. नोकरीत इतक्या वस्तू हौसेने तोडल्या, पण एखादी तुटू नये म्हणून देवाचं नाव घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली.

बातमी लागल्यासारखे आमचे प्रोजेक्ट मॅनेजर वैजनाथ आत आले. संपतकडून सगळं ऐकून त्यांना हायसं वाटलं. "म्हणजे अट मोडली. मग ट्रायलच बाद! आपलं डिझाइन पास आहे. तसं लिहून टाकू."

राजनंदिनीने मान वर केली नाही.

"वैजनाथ," मी म्हणालो, "तुम्ही बाहेर जाऊन लिहा. इथे रेंजची आधीच बोंब आहे."

आणि फोन लागला. तिने स्पीकर चालू केला.

"पप्पा, कुठे आहात?"

"घाटात. बोगद्यापाशी. नव्या रस्त्याला जाम होता म्हणून जुन्याने आलो. चहा घेतोय. आता उतरायला लागतो. का गं राजू?" घरी तिला राजू म्हणतात.

"उतरायचं नाही. आहात तिथेच थांबा."

"का? काय झालं?"

विचार, विचार, अशा खुणा मी करत होतो. पण टाकला का म्हणून तिने विचारलंच नाही. ती म्हणाली, "पप्पा, जादा पाटा कुणाकडून टाकून घेतलात?"

पलीकडे कुणाचा तरी हॉर्न वाजला.

"फुलेनगरला," कचरूभाऊ अगदी हळू म्हणाले. "राजू, ऐक जरा..."

"नंतर ऐकते. गाडीच्या चाकांना दगड लावा. लावले? आता मागे या. डाव्या चाकापाशी वाका. वरचा पाटा, क्लॅम्पपासून पुढे एक वीत मोजा. तुमची वीत नको, माझी मोजा. तिथे कडेवरून नख फिरवा."

"गरम आहे गं."

"फिरवा."

आम्ही सगळे त्या फोनकडे बघत होतो. संपतसुद्धा. वैजनाथ दारातून परत आले होते.

"काही नाही. गुळगुळीत आहे."

"आता उजवीकडे या. तसंच करा."

चपलांचा आवाज आला, मग कण्हल्यासारखा वाकण्याचा. त्यानंतर किती वेळ गेला मला माहीत नाही. राजनंदिनीने टेबलाची कड धरून ठेवली होती.

"राजू," कचरूभाऊंचा आवाज बदलला होता, "नख अडकतंय."

"आधी बाहेर या. पप्पा, गाडीखालून आधी बाहेर या."

"आलो. पण माल पोचवायचाय गं, पार्टी खोळंबलीय. सावकाश उतरतो मी, पहिल्या गियरवर..."

"पप्पा!"

ती ओरडली. या मुलीचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. शेजारच्या खात्यातली माणसं उठून उभी राहिली. पलीकडून कचरूभाऊ "बरं, बरं, नाही उतरत," म्हणाले, आणि ही जिथे होती तिथेच जमिनीवर बसली.

मी तिला माझ्या गाडीत घालून घाटात नेलं. कचरूभाऊ टेम्पोपासून लांब, कठड्यावर बसले होते. मी टॉर्च घेऊन खाली वाकलो. चीर निम्म्या पाट्यापर्यंत गेली होती, लाल ठिपक्याच्या अगदी जागेवर. मी बाहेर आलो तेव्हा बाप-लेक एकमेकांकडे न बघता उभे होते.

"तुझ्या पाट्यांवर भरवसा नव्हता असं नाही गं," कचरूभाऊ रस्त्याकडे बघत म्हणाले. "माझ्यावरच नाही. मला नाही म्हणता येत नाही. दुकानवाला म्हणतो, कचरू, टाक अजून चार पेट्या, जवळ तर जायचंय. मी टाकतो. सगळी उमर टाकत आलो. तुझे पाटे कागदावरच्या वजनाचे. माझं वजन कागदावर कुठे असतं?"

"मग हे मला सांगायचं ना!" राजनंदिनी रडत होती आणि भयंकर रागावलीही होती. "तुमच्यासाठी नाही तर कुणासाठी करते मी पाटे? आणि मीही कसली शहाणी! त्या पाटेवाल्याच्या दारात वाढले, आणि पाटाच विसरले!"

नंतरच्या मीटिंगमध्ये गाडीवाल्या कंपनीची माणसं आली होती. चालकांनी अटीचा भंग केला, असं वैजनाथांनी लिहून आणलं होतं. राजनंदिनी उभी राहिली. "भंग करणाऱ्यांत पहिलं नाव माझ्या वडिलांचं लिहा," ती म्हणाली. "पण पाटे मी पुन्हा नव्याने करणार. हे लोक पाटा टाकणारच. त्यासकट टिकला पाहिजे, नाहीतर माझी सही मिळणार नाही." गाडी बाजारात यायला उशीर झाला. पाट्यांचं वजन थोडं वाढलं. तिची ठरलेली बढती कुठेतरी गडप झाली आणि बरेच दिवस वरची माणसं तिच्याशी कामापुरतंच बोलत होती. तिने फटीचा आकारच बदलला. आता मध्ये काही घातलं तरी त्याचं टोक टोचत नाही, सपाट टेकतं. ते जमेपर्यंत पोरीने डोळे लाल करून घेतले.

तेव्हापासून तिच्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात शेवटची एक परीक्षा असते. जास्तीचं वजन, न दिसलेला स्पीडब्रेकर आणि मध्ये जादा पाटा. त्या परीक्षेचं नाव तिने 'कचरू' ठेवलंय. त्यातून पार झाल्याशिवाय काही माझ्या मशीनपर्यंत येत नाही. हल्ली वैजनाथसुद्धा विचारतात, "कचरू झाला का?"

मागच्या महिन्यात कचरूभाऊ नवे पाटे दाखवायला लॅबमध्ये आले. टेम्पो धुऊनपुसून, स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून.

"यावेळी काही टाकलेलं नाही," ते माझ्या मशीनकडे बघत म्हणाले.

राजनंदिनी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली. मीही वाकलो. दोन पाट्यांच्या मध्ये, तेलाने काळा करून, बेमालूम बसवलेला तिसरा पाटा होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने माझं मनगट दाबलं. क्लॅम्पपासून तिने स्वतःची वीत मोजली. डावीकडे नख फिरवलं, मग उजवीकडे. पुन्हा एकदा डावीकडे. नख कुठेच अडकलं नाही. मग बाहेर येऊन तिने हात पुसले.

"छान आहेत, पप्पा. या आता, सावकाश जा."

कचरूभाऊ खूश होऊन गेले. टेम्पो गेटबाहेर वळेपर्यंत मी कसाबसा धीर धरला.

"खोटं बोलले ते तुझ्याशी," मी म्हणालो.

"हो," ती टेम्पोकडे बघत म्हणाली. "आता बोलू देत."