वडनेरच्या कापसावरचा ठपका

पुण्याहून निघालो तेव्हा पिशवीत तीन नव्या चाक्या, मापाचा गेज आणि आधीच टाइप केलेला अहवाल होता. नांदुरा तालुक्यातल्या एका सूतगिरणीत धागा सारखा तुटतो, तो तिथल्या बीटी कापसाच्या आखूड तंतूमुळे. आमच्या कारखान्याने पुरवलेल्या चाक्यांत दोष नाही, असं त्यात होतं. तपासणी खात्यात मला बावीस वर्षं झाली. यंत्र बघायचं आणि सही करून परतायचं, एवढंच साहेबांनी सांगितलं होतं.

सकाळी नांदुऱ्याला उतरलो. स्टेशनाबाहेर गरम कचोरी खाऊन वडनेर भोलजीच्या जीपमध्ये बसलो. जागा नऊ, माणसं पंधरा. ड्रायव्हरने गेजची पेटी टपावर टाकली. मी ती उतरवून मांडीवर घेतली. शेजारचे आजोबा म्हणाले, "साहेब पेटीले नव्या नवरीवानी सांभाळून राह्यले." सगळी जीप हसली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) वेचणीला आलेली. आजोबा सांगत होते, भाव पडलेला, अळीने आधीच खाल्लेलं, आणि आता सोमवारपासून गिरणीही वडनेर आणि पिंपळगाव राजाचा कापूस बंद करून बाहेरून गाठी आणणार. कारण विचारलं, तर पुण्याचे लोक कापूस खराब म्हणून लिहून देणार आहेत म्हणे. मी अहवालाची पिशवी पायाखाली सरकवली.

बाहेरच्या गाठींची घाई झालेल्या गिरणीच्या व्यवस्थापकांनी चहा आणि पेन एकदमच पुढे केलं. मी चहा घेतला.

यंत्रावर धाग्याला पीळ देणाऱ्या चारशे ऐंशी चात्या, मिनिटाला अठरा हजार फेरे. एक पट्टा चार चात्या फिरवतो आणि त्याला ताण देते ती आमची छोटी चाकी. तुटलेले धागे जोडणाऱ्या नसीमबी तिथे काम करत होत्या. धागा तुटल्याचा ठपका आपल्यावर येऊ नये म्हणून त्या तुटलेल्या प्रत्येक धाग्यासाठी चातीखाली खडूची रेघ ओढत. वडनेरचा कापूस चालू असला की पांढरी, पिंपळगावचा असला की गुलाबी.

मला रेघांकडे बघताना पाहून त्या म्हणाल्या, "कापूस खराब हाये तर मंग धागा चार-चार चात्या धरूनच काऊन (का) तुटते? तुमचं पुण्याचं लोखंड तेवढं शहाणं, आन आमचाच कापूस येडा?"

मी मोजलं. जवळजवळ सगळ्या रेघा सात पट्ट्यांवर, म्हणजे अठ्ठावीस चात्यांखाली. पांढऱ्या आणि गुलाबी, दोन्ही तिथेच. सातही चाक्या काढल्या. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर दोन भाग डुलणं चालतं. इथे अकरा होते. चाकी डुलली की पट्टा घसरतो, पीळ कमी पडतो, धागा तुटतो. तीन जागी नव्या चाक्या बसवल्या, चार जागी जुन्याच परत लावल्या आणि तोच कापूस चार तास चालवला. मधल्या सुट्टीत नसीमबींनी डब्यातली ज्वारीची भाकरी आणि ठेचा दिला. ठेच्याने कान तापले. नव्या चाक्यांच्या बारा चात्यांवर दोन धागे तुटले, जुन्या सोळांवर एकोणतीस.

व्यवस्थापकांनी साहेबांना फोन लावून माझ्या हातात दिला. पगार कोण देतं, असं साहेबांनी विचारलं.

"पगार माप घेण्याचा घेतो, साहेब. सही विकण्याचा नाही."

टाइप केलेला कागद फाडला. हाताने नवा अहवाल तीन प्रतींत लिहिला. एक गिरणीला, एक कारखान्याला, तिसरी पूर्ण नाव-सहीनिशी कापूस खरेदीच्या काट्यावर चिकटवली. गाड्या घेऊन आलेले लोक तो मोठ्याने वाचू लागले.

परतीच्या गाडीत वाटत राहिलं, इतकी वर्षं मी मालावर सह्या केल्या, पण त्याचा दोष पुढे कुणाच्या नावावर जातो ते पाहायला कधी गेलो नाही. पुण्यात साहेब म्हणाले, शब्द जरा बदला. म्हटलं, शब्द हवे तेवढे बदला, अकराचे दोन होणार नाहीत.

सोमवारी वडनेरचा कापूस काट्यावर चढला, असं नसीमबींनी फोनवर कळवलं. मला तपासणीतून काढून गोदामात बसवलं आहे. बसवू देत. कारखान्याबाहेर जाणारी प्रत्येक चाकी आधी गोदामातच येते.