रुद्राक्काची रांगोळी

परवा शाळेत रुद्राक्काच्या फोटूला हार घातला. भाषणाला आलेला पाहुणा म्हणला, "रुद्रम्माबाई अत्यंत शांत, सोशिक स्वभावाच्या होत्या." शांत? माझं कपाळ! म्या तिथंच उठून म्हणले, "बाबा, तू बघितलंयस का तिला? मग गप खाली बस." लोक हसले. हसू द्या. म्या गजराबाई, तिच्या शेजारची, मेंढरामागं जन्म गेलेली. म्या बघितलंय तिला, म्हणून सांगते.

आक्काचं माहेर आळंदकडचं, म्हणून घरात कन्नड. वडील कचेरीत कारकून, त्यांनी लेकीला उर्दू शिकवली. लग्न होऊन आमच्या अणदूरला आली, शंकरप्पा किराणावाल्याच्या घरात, आन् आमच्यात बसून उठून मराठी शिकली. शब्दांचं तर येडच लागलं होतं तिला. दुकानात कुणी मीठ मागितलं की हातातलं माप तसंच धरून विचारायची, "तुमच्यात ह्याला काय म्हणतात गं?" मेंढरांचे शब्द माझ्याकडून घ्यायची, पाण्याचे भिश्त्याच्या बायकोकडून, बानूबीकडून. मग कुठला शब्द कुणाच्या घरातनं कुणाच्या घरात गेला, ते जुळवत बसायची. म्हणायची, "गजरे, माणसं विटाळ पाळतात, शब्द पाळत न्हाईत. सरळ चुलीपर्यंत येतात."

तवा निजामाचं राज्य. शाळेत सगळं उर्दू. मास्तर काय बोलतो ते आमच्या पोरांना कळायचं न्हाय, मार तेवढा कळायचा. बायकांना तर कोण विचारतंय! आक्कानं आपल्या ओसरीवर बायकांचा वर्ग काढला. मराठी अक्षरं, कुणाला पायजे असली तर कन्नड. सरकारी हुकूम आला की त्याचा अर्थ बी तिथंच फोडून सांगायची, लेव्हीला किती धान्य घालायचं आन् कुठं नडून उभं राहायचं ते. हे अमीनाला झोंबलं. अमीन म्हंजी तवाचा फौजदार, हैदराबाद शहरातला, लई ताठ. परवानगीबिगर शाळा चालवती म्हणून त्यानं आमच्या पाट्या उचलून नेल्या.

आक्का त्याच्याशी उर्दूतच भांडली. मग आमच्याकडं वळून म्हणली, "त्याला सांगितलं, तुमची भाषा मला बी गोड लागती. माझं भांडण भाषेशी न्हाय, हुकमाशी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत दारोदार सडा, आन् सड्यावर रांगोळीची अक्षरं! पाट्या गेल्या, अंगण तर होतं की. आक्का हिंडून चुका काढायची. "गजरे, तुझा ग लंगडा का गं?" म्या पुसून परत काढायची. अमीनानं शिपायांना सांगितलं, पुसा. शिपाई आमच्याच भागातले, बाईमाणसाच्या दारातल्या रांगोळीला पाय लावायला धजंनात. मग भिश्त्याला पाण्याची कातडी मशक घेऊन पाठवलं. तो बिचारा खाली मान घालून पाणी ओतायचा, आन् घरी गेला की बानूबी त्याला उंबऱ्यावरच धारेवर धरायची.

शेवटी अमीनानं ताकीद दिली, रांगोळीत अक्षर दिसलं तर तुरुंग. शंकरप्पांचं धाबं दणाणलं. "पुरं कर आता," म्हणले. आक्का म्हणली, "तुम्ही दुकान सांभाळा. शाळा मी सांभाळते."

तेवढ्यात खंडोबाच्या पालखीचा दिवस जवळ आला. त्या साली तहसीलदार साहेब दर्शनाला येणार होते. त्यांच्यापुढं मिरवायचं म्हणून अमीनानं स्वतःच दवंडी दिली, पालखीच्या वाटेवर घरटी रांगोळी निघाली पायजे! आता पालखीच्या वाटेवरली रांगोळी पालखी जाईस्तोवर कुणी मोडत न्हाय, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोराला बी ठावं. अमीनाला कुठलं ठावं असायला?

आमी काढली की रांगोळी. देवळापासून चावडीपर्यंत! जिनं तिनं आपापल्या घरातला शब्द लिवला. कुठं भाकर, कुठं रोट्टी, कुठं पाणी, कुठं नीरु. बानूबीनं बी आपला शब्द लिवला. आन् अमीन बसायचा त्या चावडीच्या बरोबर समोर आक्कानं हातभर अक्षरांत काढलं, "शाळा उघडा."

अमीन आला, बघितलं, आन् त्याचं तोंड पडलं. भिश्त्याला हाक मारली, तर पालखीबरोबरचे वारूवाले, पुजारी, सगळे आडवे. देवाच्या वाटेवर पाणी वतायचं? हातात मशक धरून भिश्ती आभाळाकडं बघत उभा. साहेब आले. विचारलं, "ये क्या लिखा है?" आक्का पुढं झाली, सगळं उर्दूत वाचून दाखवलं, शेवटचं तर दोनदा. साहेबांनी अमीनाकडं असं बघितलं की मला आत गुदगुल्या झाल्या. येळकोट येळकोट करत पालखी गेली, आन् तोवर अमीन कडेला भिंतीला चिकटून उभा.

त्याचा राग निघायचाच होता. दुसऱ्या दिवशी चावडीवर आक्काला उभं केलं, सगळ्या गावादेखत. "इथून पुढं शिकवणार न्हाय एवढं तोंडानं म्हण, आन् घरी जा. न्हाय तर तुरुंग." शंकरप्पा हात जोडून तिच्याकडं बघत होते. आक्कानं पदर खोचला.

"इल्ला," ती म्हणली. "न्हाय. नक्को. आणखी कुठल्या भाषेत पायजे?"

नेली तिला. जाता जाता माझ्यापाशी थांबली. म्हणली, "गजरे, उद्याचा धडा तू घ्यायचा."

म्या! मला चार अक्षरं आन् स्वतःचं नाव, एवढंच यायचं. पण भ्यावं तरी किती? उजाडताना रांगोळीची परडी घेऊन गेले ती थेट चावडीच्या पायरीपुढं बसले. येत होती ती अक्षरं काढली, ग लंगडा न्हाय, नीट उभा. दोघीतिघी येऊन शेजारी बसल्या, बघून गिरवायला लागल्या. अमीन बाहेर आला.

"किसने लिखा ये?" केवढ्यानं ओरडला.

म्या हात झटकून उभी राहिले.

"वाचा की, साहेब," म्हणले. "खाली नाव लिवलंय."